ए३ चित्रप्रतीसाठी घरी फ्रेम : चौथा कोपरा जुळत नाही, मदत हवी आहे

मॅट_कागद :
ए३ मापाच्या (२९७ × ४२० मिमी) इंकजेट प्रिंटसाठी लाकडी फ्रेम करते आहे. प्लायवुडच्या दुकानातून बीडिंग पट्टी आणली, २० मिमी रुंद, ६ मिमी जाड. साध्या माइटर बॉक्समध्ये (करवत ठरावीक कोनात चालवायला खाचा असलेली पेटी) ४५ अंशांत कापली. तीन कोपरे घट्ट बसतात, चौथ्यात बाहेरच्या कडेला दीडेक मिमी फट राहते. भुसा-फेव्हिकॉल भरून चालेल का? शिवाय पट्टीला मागे खाच नाही, मग काच बसवायची कशी? आणि पावसाळ्यात कागद लहरतो, त्याचं काय?

करवतकाठी :
फट भरू नका. फेव्हिकॉल लागलेल्या जागी पॉलिश चढत नाही, डाग कायमचा दिसतो. दोष चौथ्या कोपऱ्यात नाही, आठही कापांत आहे. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तरी चूक साठत जाते आणि शेवटच्या कोपऱ्यात चार अंश होते. २० मिमी रुंद पट्टीचा तिरका काप सुमारे २८ मिमी लांब, त्यावर चार अंश म्हणजे साधारण २ मिमी, तुमच्या फटीच्या आसपासच. फट बाहेर दिसते याचा अर्थ टोकाचा कोन ४५ पेक्षा मोठा झालाय; आत दिसली असती तर लहान. माइटर बॉक्सच्या खाचा झिजून रुंद झाल्या की करवत तिरकी चालते, बहुधा तेच कारण.

उपाय : सपाट फळीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, गुण्याने तपासलेला ४५ अंशांचा ठोकळा त्यावर टेकवा आणि प्रत्येक टोक हलकेच घासा. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून टोकावरून नख फिरवा. नख अडलं तर लांबी सारखी नाही, आणि लांबी सारखी नसेल तर कोन अचूक असूनही फट पडणारच. यापुढे कापताना १ मिमी जास्त ठेवत जा.

खाचेसाठी रंधा नको. १२ × १२ मिमीची चौरस पट्टी बाहेरच्या कडेशी समपातळीत मागे चिकटवा. ८ मिमीची खाच आपोआप तयार होते. मागची पट्टी ४५ अंशांत कापू नका, सरळ कापून कोपऱ्यावर आडवी जाऊ द्या, म्हणजे पुढचा नाजूक सांधा तीच धरून ठेवते.

मापं अशी : माउंटची (प्रिंटभोवतीचा, मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) खिडकी २८७ × ४१०, बाहेरून ३८७ × ५१०. खाचेचं आतलं माप ३९० × ५१३, कारण ३ मिमी मोकळीक हवीच. फ्रेम बाहेरून ४१४ × ५३७. आठ फुटी एकेक पट्टी दोन्हींना पुरते. घेताना एक डोळा मिटून लांबीवरून नजर टाका. पीळ असेल ती परत ठेवा.

टोकाचं लाकूड गोंद पिऊन टाकतं. आधी पातळ हात द्या, पाच मिनिटांनी दुसरा, मग जोडा. भोवती सुतळी बांधून काडीने पीळ द्या, कोपऱ्यांवर जाड पुठ्ठा. दोन्ही कर्ण ६७८ मिमी यायला हवेत. रात्रभर हात लावू नका.

खळ_आणि_कागद :
कागदाचं मी सांगतो, कारण तिथेच बहुतेक प्रिंट खराब होतात.

काचेला कागद टेकता कामा नये. दमट हवेत शाई काचेला चिकटते, सोडवताना पापुद्रा निघतो. १.५ मिमीचा माउंट म्हणूनच लागतो. प्रिंट मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगा. चारही बाजू चिकटवल्या की पावसाळ्यात फुगायला जागा राहत नाही, म्हणून तो लहरतो. सेलोटेप नकोच; तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. पाठीला खोक्याचा पुठ्ठाही नको, आम्लमुक्त बोर्ड घ्या.

काचेऐवजी २ मिमी ॲक्रिलिक. या मापात काच सुमारे १ किलो, ॲक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. मागून ३ मिमी हार्डबोर्ड. सगळे थर मिळून ८ मिमी, खाच १२, म्हणजे ४ मिमी उरतात. तिथे अर्ध्या इंची चुका (बारीक खिळे) पक्कडीने आडव्या दाबा. हातोडी मारली तर नवा सांधा सुटेल. खालच्या दोन कोपऱ्यांना मागे बुचाच्या चकत्या लावा. ओल्या भिंतीपासून एवढं अंतर ठेवलं की बुरशीचा धोका कमी होतो.

आणि जर हा मळवलीच्या रवि वर्मा छापखान्याचा जुना मूळ छाप असता, तर चिकटवणं-कापणं यातलं काही घरी करू नका असंच सांगितलं असतं.

मॅट_कागद :
टोकं घासली. एक मिमी गेला, पण मोकळिकीत बसतं. कर्ण ६७७ आणि ६७७. चौरस पट्टी उद्या आणते.