पश्चात्ताप केला, येशूवर विश्वास ठेवला की गुन्हेगार सुटतो का? मग ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय?

भिंगरी_७

मंडळी, भांडण लावायला धागा काढत नाहीये हे आधीच सांगते. धर्मांतरावर घसरू नका प्लीज, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.

झालंय असं की मावशीला व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ आला. तिच्या कॉलनीत एक जण भिशी चालवायचा, सगळ्या बायका, कोणी शिवणकाम करणारी, कोणी डबे देणारी. तो भिशी बुडवून रातोरात गायब झाला. मावशीचे एक लाख ऐंशी हजार गेले. आता इतक्या वर्षांनी हा गृहस्थ पांढरा शर्ट घालून, हातात माइक घेऊन एका प्रार्थनासभेत साक्ष देतोय की मी लोकांना फसवलं, जुगार खेळलो, मग येशू भेटला आणि त्याने माझी पाटी कोरी केली. मागे कीबोर्ड चालू, लोक टाळ्या वाजवतायत. रडला पण. आणि मला ते रडणं खोटं वाटलं नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे, नाटक असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मावशी म्हणाली, त्याची पाटी कोरी झाली गं, माझी वही आहे तशीच आहे. भिशीची वही तिने अजून जपून ठेवलीय, प्रत्येक हप्त्यापुढे त्याची सही.

तर ख्रिस्ती लोक नेमकं काय मानतात? देवाने माफ केलं की विषय संपला? इथे कोणी ख्रिस्ती असतील तर त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

तिरकस_आजोबा

संपला की. हीच तर सोय आहे. आणि फक्त त्यांच्यातच आहे असं नाही हो, आपल्याकडे वाल्याचा वाल्मिकी झाला म्हणून कीर्तनात डोळे पुसतात, पण वाल्याने ज्यांना मारलं त्यांच्या बायकापोरांचं पुढे काय झालं हे एकाही बुवाने सांगितल्याचं मला आठवत नाही.

ताईंनी लाख-दोन लाखाचं विचारलंय, मी टोकाचं उदाहरण देतो. रुडॉल्फ होस, आउशविट्झ या नाझी छळछावणीचा कमांडंट (हिटलरचा डेप्युटी हेस तो वेगळा). याच्या हाताखाली लाखो माणसं, बहुतेक ज्यू, गॅस देऊन मारली. एप्रिल १९४७ मध्ये पोलंडमध्ये फाशी जायच्या काही दिवस आधी हा पुन्हा कॅथलिक झाला, फादरला बोलावून पापनिवेदन केलं, कम्युनियन (प्रभुभोजन) घेतलं. आता हिशोब सांगा. तो स्वर्गात आणि ज्यांनी येशूला मानलं नाही ते मेलेले ज्यू कुठे? हे मला आजवर एकाही ख्रिस्ती मित्राने धड सांगितलेलं नाही. चहा मागवतात आणि विषय बदलतात.

पाळकांची_लेक

सलाम सगळ्यांना. मी नगरकडची, वडील पाळक होते, म्हणजे असल्या साक्षी ऐकतच मोठी झालेय.

आजोबा, त्या ज्यू लोकांचा न्याय करणारी मी कोण, पाहिजे तर तुम्ही पण माझ्यासाठी चहा मागवा. पण देवाने माफ केलं की विषय संपला, हे बायबलमध्ये नाहीये. येशूच्या शेजारी क्रुसावर चढवलेला चोर, वधस्तंभावरचा चोर म्हणून सगळ्यांना माहितीय, शेवटच्या घटकेला म्हणाला माझी आठवण ठेव आणि येशू म्हणाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्याच्या आधीचं वाक्य मात्र साक्ष देणारे गाळतात. दुसरा चोर येशूची टर उडवत होता त्याला हा गप्प करतो आणि म्हणतो की आपल्याला झालेली शिक्षा न्यायाची आहे. त्याने खाली उतरव असं म्हटलंच नाही.

दुसरा जक्कय, जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला तर हा उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. मगच येशू म्हणतो आज या घराला तारण झालं. आमच्या संडेस्कूलला झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयचं चित्र रंगवायला द्यायचे, चौपटचा मुद्दा मुलांना कोणी सांगत नाही.

आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे फिलेमोनाला पत्र, एका पानाचं आहे, वाचाच. अनेसिम नावाचा गुलाम मालकाकडून निघून आला, पौल या येशूच्या प्रेषिताकडे येऊन विश्वासी झाला. पौल काय करतो? त्याला मालकाकडेच परत पाठवतो, सोबत पत्र देतो की याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घे आणि याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. आता मला सांगा, ज्या पाळकांनी त्या भिशीवाल्याच्या हातात माइक दिला त्यांनी त्याचं देणं कोणाच्या नावावर मांडलंय? माझे वडील असते तर आधी म्हणाले असते की जा, त्या बायकांना भेटून ये, स्टेजचं नंतर बघू.

तिरकस_आजोबा

लेकीचं पत्र पटलं. पण पैसे परत देता येतात हो, जीव कसा परत देणार? खुन्याने चौपट काय द्यायचं?

वसईकर_डिमेलो_नव्हे

नावावर जाऊ नका, पण आहे वसईचाच.

कॅथलिक बाजू सांगतो. आमच्याकडे कन्फेशन असतं हे सिनेमामुळे सगळ्यांना माहितीय, खिडकी, पडदा, आत फादर, बाहेर हिरो रडतोय. लोकांना वाटतं पाप सांगितलं, फादर तीनदा 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणायला सांगतात आणि खातं क्लिअर. चर्चच्या स्वतःच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकात, १४५९ नंबरचा परिच्छेद आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की क्षमेने पाप जातं पण पापाने जो बिघाड केला तो आपोआप दुरुस्त होत नाही, चोरलेलं परत करा, कोणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून द्या, जेवढं शक्य आहे तेवढं करा. फादर तुमचं पाप बाहेर कोणाला सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही, पण जाऊन पैसे परत कर असं तुम्हाला तोंडावर सांगू शकतात आणि सांगतात. आमच्या नात्यातल्या एकाला उपवासकाळात असंच सांगितलं होतं, बांधावरून भावाची जागा दाबली होती त्याने, त्यानंतर हा माणूस वर्षभर कन्फेशनलाच गेला नाही 😀 म्हणजे बघा, सिस्टीम काम करते, माणूस पळतो.

ह्यूस्टनची_वैदेही

आजोबांच्या प्रश्नावर. मी राहते त्या शहरातली केस आहे, कार्ला फे टकर. जून १९८३ मध्ये तिने आणि तिच्या मित्राने रात्री एका घरात घुसून दोघांना मारलं, टिकावाने. ड्रग्जवर होती. जेलमध्ये बायबल हातात पडलं आणि बाई पूर्ण बदलली. तिला मृत्युदंडापासून वाचवा म्हणून पोप जॉन पॉल दुसरे बोलले, पॅट रॉबर्टसनसारखा एरवी फाशीच्या बाजूने असणारा टीव्हीवरचा धर्मोपदेशकही बोलला. गव्हर्नर होते जॉर्ज बुश, स्वतःला पक्के ख्रिस्ती म्हणवणारे, त्यांनी थांबवलं नाही. ३ फेब्रुवारी १९९८ ला इंजेक्शन दिलं.

मला यातलं जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे. मेलेल्या डेबोरा थॉर्नटनच्या भावाने कार्लाला माफ केलं होतं आणि तो त्या दिवशी तिच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा होता. डेबोराचा नवरापण तिथेच होता आणि त्याने माफ केलं नव्हतं. एकाच बाईच्या घरची दोन माणसं. कार्लाने शेवटच्या शब्दांत मेलेल्यांच्या घरच्यांची माफी मागितली. नवऱ्याने ती घेतली नाही आणि माझ्या मते तो त्याचा पूर्ण हक्क होता. देवाने केलंय म्हणून तूपण कर, ही जबरदस्ती नवऱ्यावर कोणी करू नये.

रेवाकाठ

मी इंदूरचा मराठी. आमच्याकडची गोष्ट अजून कोणी सांगितली नाही याचं आश्चर्य वाटतं, ख्रिस्ती सोडून बाकीच्यांना माहितीच नसते बहुतेक.

सिस्टर राणी मारिया, मूळ केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकारांच्या तावडीतून लोकांना सोडवायला लागल्या तशा डोळ्यात खुपायला लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांच्यावर चाकूने वार केले, पन्नासच्या वर जखमा होत्या. भर दिवसा, बाकी पॅसेंजर होते. त्याला जन्मठेप झाली.

जेलमध्ये तो सुरुवातीला ज्यांनी आपल्याला पुढे केलं त्यांचा सूड घ्यायचा असंच म्हणत होता. स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, रक्षाबंधनाला जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन चुंबन घेतलं, का तर या हातांना माझ्या मुलीचं रक्त लागलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता खरं सांगायचं तर, इतकं कोणी करतं का. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये सुटला. केरळला त्यांच्या घरी जाऊन आला. शेती करतो, उदयनगरच्या समाधीवर जात असतो. २०१७ मध्ये इंदूरलाच राणी मारियांना चर्चने धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

आजोबा, खुन्याने चौपट काय द्यायचं याचं उत्तर यात नाहीये, तो काहीच परत देऊ शकला नाही. पण क्रम बघा, माफी त्या घरातून आली, त्याने स्वतः जाहीर केली नाही. त्या भिशीवाल्याने नेमकं उलटं केलंय.

तिरकस_आजोबा

हा क्रमाचा मुद्दा मान्य. सेल्मीबाईंना दंडवत. तरी रडणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका एवढं म्हणेन. जॉन न्यूटन घ्या, 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा. १७४८ मध्ये जहाज वादळात सापडलं तेव्हा देव आठवला, त्यालाच तो आपलं परिवर्तन म्हणायचा. आणि त्यानंतर हा पठ्ठ्या गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन झाला! खाली माणसं साखळदंडात आणि वर याची प्रार्थना. १७५४ मध्ये तब्येतीमुळे सोडलं, मन खाल्लं म्हणून नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड पुस्तिका लिहिली १७८८ मध्ये, वादळानंतर ४० वर्षांनी. लिहिली ती चांगली, आपण काय काय केलं ते लपवलं नाही, पार्लमेंटपुढे साक्षही दिली. पण मधल्या काळात आफ्रिकेतून जे नेले त्यांना काय उपयोग?

पाळकांची_लेक

म्हणूनच आजोबा, रडण्याची तारीख बघू नये, पुढे काय केलं ते बघावं. न्यूटनची पहिली साक्ष स्वतःबद्दल होती, पार्लमेंटपुढची गुलामांबद्दल. मला दुसरी खरी वाटते.

भिंगरी_७

सगळ्यांचे आभार, एवढं चांगलं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लेकीचं फिलेमोन वाचून मी त्या सभेच्या पाळकांचा नंबर मिळवला आणि फोन केला. ते आधी गडबडले, मग म्हणाले मला भिशीचं एवढं माहिती नव्हतं, मी त्याला घेऊन येतो. मावशी म्हणते येऊ दे, पण मी काय गं करू, माफ केलं म्हणू का नको म्हणू? मी म्हटलं आधी वही काढून ठेव. पण आता एवढं जुनं देणं, कायद्याने काही उरलंय का त्यात?

काळा_कोट

कायद्याचं विचारलंत म्हणून. साधारणपणे वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, ती उलटून गेली असेल तर नुसत्या वहीवर कोर्टात जाऊन फार काही हाती लागणार नाही. पण करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे मुदत गेलेलं देणं सुद्धा मी फेडीन असं देणेकऱ्याने स्वतः लेखी दिलं आणि सही केली तर ते वचन बांधील धरतात. तेव्हा तो पाळकांबरोबर आला की माफीचं मावशींनी त्यांच्या मनाप्रमाणे ठरवावं, मात्र कागद करूनच उठू द्या. 'मला देणं मान्य आहे' एवढंच लिहून चालणार नाही, 'मी फेडीन' असं पाहिजे. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, हप्ते कोणत्या तारखेला ते, सही आणि पाळकांचीपण साक्षीदार म्हणून सही घ्या.