रिमोट डेस्कटॉपवाले आणि टर्मिनलवाले: सामाईक फोल्डर सर्व्हरवरच हवा, की ज्याचा त्याने सोबत आणावा?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

आमचं भाषांतर आणि पुस्तकमांडणीचं छोटं ऑफिस आहे. सर्व्हर एकच, लिनक्सचा. निम्मी मंडळी घरून विंडोजच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने येतात (सर्व्हरचा पडदा लॅपटॉपवर दिसतो; त्यासाठी सर्व्हरवर एक्सआरडीपी हा प्रोग्राम आहे), बाकीची एसएसएच या सुरक्षित जोडणीने थेट टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर. काम मात्र सगळ्यांचं त्याच फायलींवर. सध्याची पद्धत अशी: रिमोट डेस्कटॉपवाला कनेक्शन जोडतानाच आपला डी ड्राइव्ह सोबत आणतो आणि काम झालं की घेऊन जातो. मग टर्मिनलवाल्याने फोन करून विचारायचं, 'प्रकरण सहाची फाइल तुझ्याकडे आहे की वर?'

माझं मत: फोल्डर सर्व्हरवर एकच असावा आणि ड्राइव्ह सोबत आणणं बंदच करावं. एक्सआरडीपीच्या कॉन्फिगमध्ये चॅनेलच्या यादीतलं आरडीपीडीआर (ड्राइव्ह सर्व्हरपर्यंत आणणारी वाट) बंद केलं की झालं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप क्लायंटमध्ये एक फोल्डर निवडायची सोयच नाही, टिक करायची ती अख्ख्या ड्राइव्हवर. त्यातच खाली 'नंतर जोडले जाणारे ड्राइव्ह' अशी आणखी एक टिक असते. लोक तीही ठेवून देतात, म्हणजे मधेच लावलेला घरचा पेनड्राइव्हसुद्धा सर्व्हरवर हजर.

हा नुसता शंकेखोरपणा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की मिडनाइट ब्लिझर्ड ही रशियन टोळी मेलमधून डिजिटल सही केलेल्या आरडीपी फायली (रिमोट डेस्कटॉपची तयार जोडणी असलेल्या) पाठवते आहे. फाइल उघडली की लॅपटॉप त्यांच्या सर्व्हरला जोडला जायचा, आणि ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर सगळं त्यांच्यापुढे उघडं. त्यासाठी कुठली फट शोधावी लागली नाही. जी सोय आपण रोज वापरतो तीच वापरली.

शिरोरेखा

बोरूबहाद्दर, उदाहरण जोरदार आहे, पण ते आपल्याला लागू कुठे होतं? तो हल्ला अनोळखी सर्व्हरला जोडल्यामुळे झाला. तुम्ही आपल्या सर्व्हरवर चॅनेल बंद केलंत तर माझ्या लॅपटॉपचं त्या टोळीपासून रक्षण कसं होणार? मेलमधून आलेली आरडीपी फाइल मी उघडली तर ती उघडणारच. त्यावर उपाय वेगळा: मेलमध्ये तसली फाइलच येऊ द्यायची नाही.

आता कामाचं. मी मांडणी करते. इनडिझाइन माझ्या विंडोजवर चालतं, तुमच्या लिनक्सवर ते चालणार नाही. सर्व्हरवर येते ती दुरुस्त केलेला मजकूर आणि चित्रं न्यायला. ड्राइव्ह सोबत असला की एक कॉपी, एक पेस्ट, संपलं. तो बंद केलात तर लोक फायली व्हॉट्सॲपवर पाठवतील, स्वतःच्या मेलवर टाकतील. सर्व्हर चकाचक आणि हस्तलिखित भलत्याच ठिकाणी, हे चालेल का तुम्हाला?

आणि अख्ख्या ड्राइव्हचा बाऊ करू नका. विंडोजमध्ये सब्स्ट नावाची जुनी आज्ञा आहे. तिने एका फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देता येतं. मी कामाच्या फोल्डरला एक्स हे अक्षर दिलंय आणि टिक फक्त त्यावर. रेमिना या लिनक्सच्या क्लायंटमध्ये किंवा मॅकच्या क्लायंटमध्ये तर फोल्डर सरळ निवडताच येतो.

रात्रपाळी

टर्मिनलवाल्यांच्या बाजूने बोलतो, कारण आमचा विचार कुणी करत नाही :)

शिरोरेखाताई, तुमचा एक्स ड्राइव्ह सर्व्हरवर दिसतो कुठे? तुमच्या होम फोल्डरमध्ये, 'थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज' नावाच्या जागी. तो फ्यूज या लिनक्सच्या सोयीने जोडलेला असतो, म्हणजे ज्याने जोडला त्यालाच दिसतो. तुम्ही स्वतः त्याच नावाने एसएसएचने आलात तर तुम्हाला दिसेल. मला नाही. रूटला, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्यालासुद्धा नाही! रात्रीचा बॅकअप रूटच्या नावाने चालतो आणि तुमच्या होम फोल्डरपाशी रोज 'परवानगी नाही' म्हणून रडतो. लॉगमध्ये खरी चूक शोधायची तर आधी या ओळी गाळा.

तुम्ही लॅपटॉप मिटलात की ड्राइव्ह गेला. माझी स्क्रिप्ट टीमक्स या प्रोग्राममध्ये रात्रभर चालू असते. मी कनेक्शन तोडलं तरी ती थांबत नाही, पण तिला लागणारी फाइल तुमच्या घरी झोपलेली. मग याला सामाईक फोल्डर म्हणायचं कसं?

विंडोज सर्व्हर घेतला तरी सुटका नाही, तोही अनुभव आहे. तिथे टीएसक्लायंट (सोबत आणलेले ड्राइव्ह दिसतात ती जागा) त्या-त्या सेशनपुरताच. झेड ड्राइव्ह रिमोट डेस्कटॉपमध्ये जोडला असेल तर त्याच माणसाला एसएसएचमध्ये तो दिसत नाही, कारण लॉगिन वेगळं. त्यात पासवर्डऐवजी 'की' (चावीची फाइल) वापरून एसएसएच केलं असेल तर नेटवर्कवरचा शेअरही उघडत नाही, पुढे दाखवायला पासवर्डच हातात नसतो.

खिळेजुळारी

दोन्ही बाजू फोल्डर कुठे ठेवायचा यावर भांडताहेत. मला सामाईक फोल्डर हीच कल्पना खटकते. तो सार्वजनिक नळासारखा असतो, पाणी सगळ्यांना हवं आणि तोटी बंद करायची कुणी?

एकच गोष्ट जवळून बघा. रिमोट डेस्कटॉपवर बसलेल्या माणसाने लिब्रेऑफिसमध्ये प्रकरण उघडलं की त्याच फोल्डरमध्ये टिंब-टिल्डने सुरू होणारी, 'लॉक' असं नाव असलेली छोटी फाइल तयार होते. दुसऱ्याने लिब्रेऑफिसमध्ये तेच प्रकरण उघडलं तर इशारा मिळतो. छान. आता रात्रपाळी टर्मिनलवरून येतात, विम या टर्मिनलमधल्या एडिटरने तीच फाइल उघडतात (समजा ती साधी टेक्स्ट आहे). विम स्वतःची वेगळी स्वॅप फाइल (हेच त्याचं कुलूप) करतो आणि फक्त तीच बघतो. लिब्रेऑफिसचं कुलूप विमला दिसत नाही, विमचं लिब्रेऑफिसला दिसत नाही. दोघंही सेव्ह करतात. शेवटी ज्याने केलं त्याचं राहतं, आधीच्याला कळतही नाही.

म्हणून ज्याचं त्याचं फोल्डर वेगळं, टेक्स्टसाठी गिट (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली), आणि पूर्ण झालेली फाइल ठेवायला एकच जागा जिथे लिहायचा हक्क एकाच माणसाला. सामाईक हवं ते वाचण्यापुरतं.

शिरोरेखा

गिट? आमच्या संपादकांना? त्यांना 'ट्रॅक चेंजेस' चालू करा सांगायला फोन करावा लागतो.

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मान्य, माझा ड्राइव्ह तुम्हाला दिसत नाही. पण तो तुम्हाला दिसावा असं मी कधी म्हटलंच नव्हतं. मला तो नेआण करायला हवा आहे. नेआण आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोरूबहाद्दर एकीच्या दोषासाठी दुसरी बंद करताहेत.

बोरूबहाद्दर

नेआण आणि साठवण वेगळी, हे तत्त्वात बरोबर. व्यवहारात ज्याच्या हातात ड्राइव्ह आहे तो साठवतोही तिथेच. आपल्याकडे नेमकं हेच झालंय.

खिळेजुळारी, कुलपाचा मुद्दा चोख आहे, उत्तर नाही माझ्याकडे. पण वेगवेगळे फोल्डर केले तर 'अंतिम', 'अंतिम२', 'अंतिम_खरी' सुरू होणार. मला त्यापेक्षा एखादी फाइल कधीतरी वरून लिहिली गेलेली परवडेल, रोजचा बॅकअप आहे.

मांडणी अशी ठरवतोय: सर्व्हरवर एक फोल्डर, त्याला एक गट, वर सेटजीआयडी ही परवानगीची खूण (२७७०), म्हणजे आत बनणारी प्रत्येक फाइल गटाच्याच नावावर. रिमोट डेस्कटॉपवाल्यांना डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट. टर्मिनलवाल्यांना तोच पत्ता. घरी न्यायचं असेल तर विनएससीपी (फायली नेआण करायचा विंडोजचा प्रोग्राम), म्हणजे एसएफटीपी, म्हणजे एसएसएचचंच दार. सांबासाठी (विंडोज पद्धतीचं फाइल-शेअरिंग) ४४५ पोर्ट बाहेर उघडायचा विषयच नको, त्याच दाराने पसरलेला २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवा.

रात्रपाळी

सेटजीआयडीने गट बरोबर येईल, पण लिहायचा हक्क येईलच असं नाही. टर्मिनलवर तुम्ही प्रोफाइलमध्ये यूमास्क (नव्या फाइलचे हक्क ठरवणारी सेटिंग) ००२ कराल, ग्राफिकल सेशन ते वाचेलच याची खात्री नाही. मग डेस्कटॉपवरून बनलेली फाइल ६४४ (मालकाने लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं), आणि मी बसलो बघत. सेटएफएसीएल या आज्ञेने फोल्डरलाच डिफॉल्ट हक्क द्या, तिथे यूमास्क मधे येत नाही. तरीही एक खोच राहते: बाहेरून कॉपी होऊन ६४४ म्हणूनच आलेली फाइल असेल तर एसीएलचा (या जादा हक्कयादीचा) मास्क गटाचा लिहायचा हक्क कापतो. त्यासाठी दर थोड्या वेळाने हक्क सरळ करणारी क्रॉनची ओळ लागेल. सुंदर नाही, पण चालतं.

आणि ड्राइव्ह बंद केलात तरी क्लिपबोर्ड चालू आहे ना? एक्सआरडीपीत त्यातूनही लॅपटॉपवरची फाइल पेस्ट होते. सेसमन या एक्सआरडीपीच्याच भागाच्या कॉन्फिगमध्ये क्लिपबोर्डवर दोन्ही दिशांना वेगवेगळी बंधनं घालता येतात, फक्त फाइल अडवून मजकूर चालू ठेवता येतो. ते न करता 'बंद केलं' म्हणू नका.

उंबरठा

एक मुद्दा राहिला, तो मराठीत काम करणाऱ्यांनाच भेटतो. फायलींची नावं. एक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यात काना-मात्रा आणि हलन्तही मोजायचे. एकटा 'क्षि' १२ बाइट्स! विंडोजवर मर्यादा २५५ चिन्हांचीच, त्यामुळे तिथे 'लेखकाचं नाव – प्रकरणाचं नाव – दुसरी दुरुस्ती – मुद्रितशोधन झालेलं...' असं लांबलचक नाव बिनबोभाट बसतं आणि सर्व्हरवर पेस्ट करताना अडतं. दहा फायलींच्या गठ्ठ्यात एक मागे राहिली तर लक्षात येत नाही.

यात मी बोरूबहाद्दरांच्या बाजूने. फाइल पहिल्यापासून सर्व्हरवरच बनली तर नाव तिथेच अडेल, बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. शिवाय पुट्टीत (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम) जोडाक्षरं तुटक दिसतात, टर्मिनलवाले टॅब दाबूनच नाव पूर्ण करतात. नावं आखूडच ठेवा, सुरुवातीला आकडा टाका.

शिरोरेखा

नावांचं पटलं, उद्यापासून आखूड.

विनएससीपी बसवते. पण चित्रांच्या फायली जड असतात. इनडिझाइनला त्या रोज एकाच जागी, माझ्याच डिस्कवर लागतात, नाहीतर सगळ्या लिंका तुटलेल्या दाखवतो. म्हणजे प्रत माझ्याकडे राहणारच, ड्राइव्ह बंद असो वा चालू. तेव्हा 'एकच फोल्डर' हे मजकुरापुरतं म्हणा, चित्रांपुरतं नाही. आणि हातातलं पुस्तक छपाईला जाईपर्यंत आरडीपीडीआरला हात लावू नका, ही विनंती नाही, अट आहे.