चौथी सीट

बी-३०४: रात्री उशिरा लिहितेय, माफ करा. सोसायटीच्या कामाचं नाही. आज सकाळी लोकलला नेहमीसारखी चौथी सीट मिळाली, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला अर्धं टेकायचं. एकोणीस वर्षं झाली. डोंबिवली ते सीएसएमटी, संध्याकाळी परत, उतरल्यावर भाजी, मग कुकर. पावसात मुंब्र्याच्या डोंगरावर धबधबे लागलेत, तेही मी खिडकीवालीच्या खांद्यावरून बघते. आज ठाण्याला शेजारच्या फलाटावर लांब पल्ल्याची गाडी उभी होती. एक बाई गजाला डोकं टेकून निवांत बसलेली. कुठे चालली होती कोण जाणे. मला भरूनच आलं. घरात सगळं नीट आहे, तक्रार कुणाबद्दलच नाही. फक्त कुठेतरी जावंसं वाटतंय.

ए-१०१: ताई, टूर घ्या ना एखादी. केरळ मस्त आहे. जेवणाखाण्याची काळजी नाही.

बी-३०४: गेले होते एकदा. पहाटे पाचला उठवायचे, सहाला बसपाशी हजर. इथेही तेच करते हो.

सी-२०२: काकू, मांडवी एक्स्प्रेस! दिवसाची गाडी आहे, सगळं दिसतं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पलीकडे पानवल नदीचा पूल, ६४ मीटर उंच. पूल येतो तेव्हा सगळा डबा दाराशी गोळा होतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालवतात, तुम्हाला तर तेच हवंय.

बी-१०३: एकटीने जायचं म्हणताय? एवढ्या पावसात? यांना घेऊन जा की.

बी-३०४: यांना विचारलं. म्हणाले, तू जा, मी डबे बघतो. आणि खरं सांगू, चार दिवस मला कुणाला काही विचारायचं नाही आणि कुणाला काही वाढायचं नाही.

ए-४०३ (आजी): अगं, एसटीने जा. चिपळूण ते कराड. माझं माहेर पाटणचं, बाळंतपणाला त्याच गाडीने गेले होते. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. पावसात काचा पुसाव्या लागतात, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही, मग वर कोयनानगरला आलं की हवा एकदम गार. तिथे उतरून चहा पी. गाडी गेली तर जाऊ दे, मागून दुसरी येते. कराडला संगमावर बस. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात, मग दोघी मिळून वळतात. मी तासन् तास बघत बसायची.

ए-४०३ (आजी): पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. मी त्यानंतर तीनदा जाऊन आले. सुनेला माहीत आहे, मुलाला नाही.

ए-१०१: आजी 🙏

सी-२०२: एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे, ४ आणि ७ दिवसांचा. पण काकू, बायकांना मार्च २०२३ पासून तिकीट अर्धंच आहे, तेव्हा पास परवडतो का ते हिशेब करूनच ठरवा.

बी-३०४: पासाचं नाव वाचूनच बरं वाटलं. आवडेल तेथे.

बी-१०३: मी मघाशी उगाच बोलले. मलाही दोन वर्षं असंच होतंय, भांडी घासताना जास्त. कुणाला सांगितलं नव्हतं.

बी-३०४: चला मग. पण बोलायचं नाही हं फार.

बी-१०३: नाही बोलणार. घाटात खिडकी मात्र आळीपाळीने.

बी-३०४: घाटात तुम्ही घ्या. पाटणपासून कराडपर्यंत मला द्या.

ए-४०३ (आजी): कोरडे कपडे वरच्या पिशवीत ठेवा. कराडहून फोटो टाका.

बी-३०४: फोटो नाही टाकणार आजी. पोचलो एवढं कळवेन.