मुलीला सोरॉरिटीत जायचंय, जाऊ द्यावं का?

नेपरव्हिलची_आई
लेक ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेतच, इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला चालली आहे. परवा जेवताना म्हणाली, "आई, मी रशला नाव देणार." रश म्हणजे सोरॉरिटीत, इथल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघटनेत, शिरण्यासाठीच्या निवडफेऱ्या. तिचे बाबा ताटावरून उठायचेच बाकी होते. 1991 साली ते विदर्भातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर होते. रॅगिंगविरोधी कायदा आपल्याकडे 1999 चा, त्यामुळे तेव्हा दाद मागायला कुणी नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत काय झालं, ते मलासुद्धा लग्नानंतर सात वर्षांनी कळलं. ते म्हणतात, हे म्हणजे फी भरून रॅगिंग. मला तिला अडवायचं नाही, पण डोळे मिटून पाठवायचंही नाही. कुणी स्वतः होतं का?

कृष्णाकाठ
काकू, मी तीन वर्षं होते, दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठात. रशचे दिवस दमवतात. दर सोरॉरिटीच्या घरापुढे रांग, दार उघडलं की आत टाळ्या-गाणी, मग दहा-पंधरा मिनिटं अनोळखी मुलीशी बोलायचं आणि पुढचं घर. दुसऱ्या संध्याकाळी माझा आवाज बसला होता. मुली घरं निवडतात, घरं मुली निवडतात, आणि दोन्ही याद्या जुळवून शेवटी बिड (सदस्य होण्याचं आमंत्रण) येते.

एक गोष्ट तिला नक्की सांगा. शेवटच्या फेरीनंतर लगेच पसंतीक्रमावर सही करायची असते, आणि ती बांधून घालते. यादीतल्या घराची बिड आली आणि नाकारली, तर त्या कॅम्पसवरच्या दुसऱ्या पॅनहेलेनिक (सोरॉरिटींच्या राष्ट्रीय महासंघातल्या) सोरॉरिटीत वर्षभर जाता येत नाही. मनात नसलेलं घर नुसतं यादी भरायला लिहू नये. माझ्या मैत्रिणीने लिहिलं आणि पुढे वर्षभर ती हळहळत राहिली.

पैशांचं आधी लेखी विचारा. मला पहिल्या सेमिस्टरला साडेसहाशे डॉलर पडले, वर टी-शर्ट, फोटो आणि मीटिंग चुकली की दंड. घरात राहायचं झालं तर खोली-जेवणाचे वेगळे.

आणि दारूचं. या सोरॉरिटींच्या घरात दारूला बंदी असते, म्हणून पार्ट्या होतात फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेच्या, हाउसमध्ये. दार त्यांचं, पेले त्यांचे. आम्ही चौघी एकत्र जायचो आणि एकीला तिथे सोडून कधीही निघायचो नाही.

तरी मी पुन्हा गेले असते. साताऱ्याची आजी गेली तेव्हा माझ्या परीक्षा चालू होत्या, जाता आलं नाही. माझी 'बिग', म्हणजे मला नेमून दिलेली सिनिअर, तीन रात्री माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली. ते मी विसरणार नाही.

दोन_मुलांचा_बाबा
ताई, तुमच्या मिस्टरांची भीती खोटी नाही. 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात 19 वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीची बिड स्वीकारली त्याच रात्री भरमसाट दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला. मदतीला फोन गेला तो जवळपास बारा तासांनी. मुलगा वाचला नाही. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. डिसेंबर 2024 पासून हेझिंगविरोधी (हेझिंग म्हणजे इथलं रॅगिंग) केंद्रीय कायदाही आहे: कोणत्या संस्थेवर हेझिंगचा दोष सिद्ध झाला, ते विद्यापीठाने वेबसाइटवर टाकायचं. मुलीसोबत बसून ती यादी वाचा.

देशी सोरॉरिटीही बघा. कप्पा फाय गॅमा 1998 साली ऑस्टिनला सुरू झाली. पण देशी आहे म्हणून तपास सोडू नका. माझ्या धाकट्याला अशाच एका देशी फ्रॅटर्निटीत रात्री दोनला उठवून फोन काढून घेतले होते. तो पाचव्या दिवशी बाहेर पडला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

नेपरव्हिलची_आई
दोघांचेही आभार. ह्यांनी दोन्ही उत्तरं वाचली आणि काल पहिल्यांदाच लेकीला होस्टेलचे ते तीन महिने सांगितले. ती गप्प ऐकत होती. कृष्णाकाठ, पसंतीक्रम भरताना आम्ही फोनवर असलो तर चालेल का गं?

कृष्णाकाठ
नाही काकू, तेव्हा तिला एकटीनेच ठरवायचं असतं. आदल्या रात्री बोला.