शब्दचर्चा: ‘नेट जातंय’ म्हणजे नेमकं काय जातंय?

विचारणा
केव्हीएमवर (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) चालणाऱ्या उबुंटू व्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असा एक आभासी संगणक) मराठीत दुरुस्ती-टिपण तयार होत आहे. ‘इंटरमिटंट नेटवर्क लॉस’साठी मसुद्यात ‘खंडित जाळे-लोप’ असं आलं आहे. वाचून काही बोध होत नाही. ड्रॉप, फ्लॅप, स्टेल यांनाही शब्द हवेत. शिवाय व्हीएम की आभासी यंत्र?

प्रतिसाद १
व्हीएमच ठेवा, सगळे तेच म्हणतात. ‘खंडित’ नको. वीजपुरवठा खंडित होतो म्हणजे कोणीतरी येऊन जोडेपर्यंत तो गेलेलाच राहतो. इथे तर आपोआप जातं आणि आपोआप येतं. ‘अधूनमधून नेट जातं’ हे स्वच्छ मराठी आहे, शीर्षकाला तेच द्या.

फक्त टिपणात तेवढ्यावर थांबू नका. ‘जातं’ या एका क्रियापदाखाली निदान तीन वेगळे बिघाड लपतात. गेटवेला (नेटवर्काबाहेर जाण्याच्या दारातल्या यंत्राला) पिंग (उत्तर येतं का पाहणारी हाक) लागतं का? आकडी पत्त्याला लागून नावाला लागत नाही का? तसं असेल तर नेट गेलेलं नाही, डीएनएस (नावावरून आकडी पत्ता शोधणारी सोय) गेलंय. आणि आधीपासून चालू असलेलं एसएसएच (दुरून यंत्रात शिरण्याची जोडणी) टिकून नवीन जुळत नाही का? तसं असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये) ‘एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशी ओळ शोधा, व्हीएममध्ये आणि होस्टवरही (व्हीएम ज्यावर चालते त्या खऱ्या यंत्रावर). कॉनट्रॅक हे कर्नलचं चालू जोडण्यांचं टेबल. ज्या जोडण्यांची नोंद आधीच टेबलात आहे त्यांची पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) पुढे जातात, नव्यांना जागा नसते. जुळलेल्या टीसीपी जोडणीची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस राहते, म्हणून टेबल लवकर रिकामं होत नाही.

प्रतिसाद २
लॉस आणि ड्रॉप यांना एकच शब्द देऊ नका, ही चूक फार दिसते. लॉस हे टोकाला उभं राहून केलेलं निरीक्षण: १०० पाठवली, ९३ची उत्तरं आली, ७ ‘गहाळ’. कुठे, कोणी, काही कळत नाही. ड्रॉप मात्र कोणीतरी करतं आणि बहुतेक वेळा त्याची मोजणीही होते, म्हणून ‘टाकलेली पॅकेट’. ‘गळती’ दोन्हींना चुकीचा, त्यात भोक असल्याचा भास आहे.

‘आयपी -एस लिंक’ या कमांडमधला ड्रॉप्डचा आकडा वाढलेला दिसला की लोक लगेच घाबरतात. कर्नल २.६.३७ पासून त्यात अनोळखी प्रोटोकॉलची आणि भलत्या व्हीलॅनची (त्याच जाळ्यातल्या वेगळ्या आभासी गटाची) पॅकेटही धरली जातात. ती टाकलीच पाहिजेत. नेट गेलेलं असताना आकडा कसा हलतो ते पाहा, एकूण बेरजेला अर्थ नाही.

प्रतिसाद ३
फ्लॅपला ‘उघडझाप’. लिंक डाउन, लिंक अप, पुन्हा डाउन, अगदी तेच. पण जर्नलमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) लिंक डाउनची ओळ असेल तरच हा शब्द वापरा. व्हीएमचं व्हर्टिओ (आभासी नेटवर्क) कार्ड होस्टची केबल काढली तरी सहसा ‘अप’च दाखवतं, कारण त्याची लिंक होस्टवरच्या टॅपशी (आभासी पोर्टशी) असते, भिंतीतल्या सॉकेटशी नाही. खरी उघडझाप होस्टच्या जर्नलमध्ये सापडते.

प्रतिसाद ४
स्टेल = ‘शिळी नोंद’. शिळी भाकरी खाता येते, नासलेली नाही. ‘आयपी नेबर’मध्ये (शेजारच्या यंत्रांच्या पत्त्यांच्या यादीत) गेटवेपुढे स्टेल दिसणं हा बिघाड नव्हे. नोंद १५ ते ४५ सेकंदांत शिळी होते. पुढचं पॅकेट त्याच जुन्या मॅक (नेटवर्क कार्डाच्या) पत्त्यावर जातं, ५ सेकंद वाट पाहिली जाते, मग सेकंदाला एक अशा ३ विचारणा होतात. तरीही उत्तर नसेल तर नोंद ‘फेल्ड’. घाबरायचं ते फेल्डला.

प्रतिसाद ५
शब्द छान आहे, पण पडद्यावर ‘स्टेल’च छापून येणार. टिपणात तोच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘शिळी’ सांगा, एवढं पुरे.

विचारणा करणारे
पटलं. टिपणातला मुख्य दाखला असा: एका साच्यातून क्लोन केलेल्या दोन व्हीएम. एक चालते तेव्हा दुसरीचं नेट जातं, थोड्या वेळाने उलट. मॅक पत्ते वेगळे आहेत. याला काय म्हणायचं?

प्रतिसाद २
‘दुबार आयपी’. दुबार मतदार म्हणतो तसं. सिस्टिमडी-नेटवर्कडी (नेट जोडणारा प्रोग्रॅम) डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे) मॅकऐवजी मशीन-आयडीपासून (यंत्राच्या ओळख-क्रमांकापासून) बनवलेली ओळख देतं. क्लोनमध्ये मशीन-आयडीची फाइल जशीच्या तशी आली, की सर्व्हरच्या लेखी दोन्ही यंत्रं एकच आणि दोघांना एकच पत्ता.

खात्री अशी करा: त्याच नेटवर्कातल्या तिसऱ्या यंत्रावरून त्या पत्त्याला आर्पिंग (हा आयपी कोणत्या मॅकचा, ही विचारणा) करा, छोट्या बीचा (-b) पर्याय देऊन. तो दिला नाही तर पहिलं उत्तर येताच आर्पिंग ब्रॉडकास्ट (सगळ्यांना विचारणं) सोडून एकाच मॅकला विचारत राहतं आणि दुसरा दावेदार नजरेतून सुटतो. दोन वेगळ्या मॅककडून उत्तरं आली की निकाल लागला. उपाय: क्लोनच्या ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, काढून टाकू नका, आणि रीबूट करा. साच्यातही ती रिकामीच ठेवा, नाहीतर पुढचा क्लोन तोच त्रास देईल. घाई असेल तर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेट-मांडणीच्या फाइलमध्ये) ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक’.

प्रतिसाद १
एक ‘जातं’ राहिलं. एसएसएच जुळतं, छोट्या कमांड चालतात, लांबलचक लॉग मागवला की पडदा गोठतो. हे ‘अडकतं’. कारण बहुधा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी). पिंगला ‘-एम डू’ (मोठा एम, म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका) देऊन १४७२ बाइट पाठवा (अधिक पॅकेटच्या शीर्षकांचे ८ आणि २० म्हणजे १५००). १४७२ अडकून १४२२ पोहोचलं तर वाटेत व्हीएक्सलॅनचे (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणाऱ्या पद्धतीचे) ५० बाइट खर्च होत आहेत. व्हीएमचा एमटीयू १४५० करा.