मय्यतीबरोबर चालताना म्हणतात तो कलमा: अर्थ काय, आणि आपण म्हटला तर?

कृष्णाकाठ (सांगली):

आमच्या गल्लीतले चाचा नुकतेच वारले. माझ्या वडिलांचे ते तालमीतले जोडीदार, त्यामुळे दोन्ही घरांचं रोजचं जाणं-येणं. मीही खांदा दिला. मशिदीपासून कब्रस्तानापर्यंत मधूनच कुणीतरी 'कलमा शहादत' अशी हाक द्यायचं आणि सगळे एकसुरात म्हणू लागायचे. ऐकून ऐकून ते शब्द माझ्या तोंडी बसले आणि मीही सगळ्यांबरोबर म्हटले. घरी आल्यावर आईनं विचारलं, "अरे, हे म्हटलं की माणूस मुसलमान होतो ना?" तिला राग नव्हता, पण काळजी होती. काय सांगावं मला कळेना. नुसता अर्थ कुठेही सापडेल. ज्यांच्या घरात हे रोज म्हटलं जातं त्यांच्यासाठी हे शब्द काय आहेत, ते त्यांच्याकडूनच ऐकायचंय.

खाडीपलीकडचा मास्तर (रायगड):

खांदा दिलात, त्याबद्दल आधी तुम्हाला सलाम. मी उर्दू शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त. आईंना माझा नमस्कार सांगा आणि काळजी करू नका म्हणावं.

तुम्ही म्हटलंत ते असं: 'अशहदु अल्ला इलाहा इल्लल्लाहु, व अशहदु अन्न मुहम्मदन अब्दुहू व रसूलुहू.' अल्लाहशिवाय कुणीही उपासनेला पात्र नाही अशी मी साक्ष देतो, आणि मुहम्मद हे त्याचे बंदे (दास) व प्रेषित आहेत अशी साक्ष देतो. पैगंबरांना इथे आधी बंदा म्हटलंय, मग प्रेषित. त्यांच्यावर आमचा जीव आहे, पण सजदा, म्हणजे माथा टेकणं, त्यांना नाही, फक्त अल्लाहला. मक्तबात, म्हणजे मशिदीच्या शाळेत, पोरं सगळ्यात आधी शिकतात तो पहिला कलमा याहून लहान: 'ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह.' कुरआनात तो असा सलग येत नाही. पहिला भाग 47व्या सूरेत (अध्यायात) आहे, दुसरा 48व्या.

इस्लामच्या पाच खांबांपैकी हा पहिला. नमाज, रोजा, जकात (धर्मानं ठरवलेलं दान), हज हे सगळं त्याच्यावर उभं. पण माझ्यासारख्या मुसलमान घरात जन्मलेल्याला 'आज मी कलमा स्वीकारला' असा दिवस आठवत नाही. जन्मल्या जन्मल्या उजव्या कानात बांग देतात, तिच्यात हीच साक्ष असते. पुढे नमाजात बसल्यावर म्हणायच्या अत्तहियात या दुआच्या शेवटी ती येते. दिवसाच्या पाच फर्ज (सक्तीच्या) नमाजांतच 9 वेळा, सुन्नत (जास्तीच्या) वेगळ्या. त्या वेळी उजव्या हाताची तर्जनी उचलायची. आम्ही कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, 'इल्लल्लाह'ला बोट उचलतो आणि तसंच ठेवतो. मुंबईत माझ्या शेजारी नमाज पढणारे हनफी परंपरेचे लोक 'ला' म्हणताना उचलायचे आणि 'इल्ला'ला खाली घ्यायचे. लहानपणी वाटायचं, कुणाचं तरी चुकतंय. दोन्ही बरोबर आहे.

आता आईंचा प्रश्न. माझ्या बाबांच्या शेवटच्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसून हळू आवाजात कलमा म्हणत होतो. याला तलकीन म्हणतात. जाणाऱ्याला 'म्हणा, म्हणा' असा तगादा लावायचा नसतो. आपण म्हणत राहायचं. त्यांनी एकदा म्हटला की आपणही थांबायचं, म्हणजे त्यांचे शेवटचे शब्द तेच राहतात. बाबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. म्हणाले की नाही, हा विचार मला फार दिवस खात होता. शेवटी आमच्या मशिदीत प्रवचन देणाऱ्या खतीबसाहेबांपाशी मन मोकळं केलं. त्यांनी उसामांची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या काळची नोंदलेली हकीकत, सांगितली.

उसामा बिन जैद हे पैगंबरांच्या घरात वाढलेले, फार लाडके. एका लढाईत समोरचा माणूस तलवारीच्या टप्प्यात आल्यावर 'ला इलाहा इल्लल्लाह' म्हणाला, तरी उसामांनी त्याला मारलं. पैगंबरांना कळलं तेव्हा उसामा म्हणाले, तो हत्याराच्या भीतीनं म्हणाला होता. त्यावर पैगंबरांनी विचारलं, तू त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का? हे त्यांनी इतक्यांदा सुनावलं की उसामांना वाटलं, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं.

दुसरीकडे 63व्या सूरेची पहिलीच आयत (ओळ) पाहा. काही लोक पैगंबरांपुढे येऊन यातली दुसरी साक्ष देतात, आणि अल्लाह म्हणतो, हे खोटारडे आहेत. शब्द अगदी बरोबर होते, मन त्यात नव्हतं.

या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरतो. मन नसेल तर अल्लाहपाशी कलम्याची किंमत नाही. आणि मन आहे की नाही ते पाहण्याचा हक्क आम्हा माणसांना नाही. बाबांच्या ओठांचा हिशोब मी तेव्हापासून सोडून दिला. तुम्ही चाचांच्या प्रेमापोटी चार पावलं ते शब्द म्हटलेत. श्रद्धा बदलायचा इरादा नव्हता, तर श्रद्धा बदलली नाही. उद्या कुणी 'आता तू आमचा' म्हणून तुमच्यावर हक्क सांगू लागला, तर त्याला उसामांची गोष्ट सांगा.

पुढच्या वेळी गप्प चाललात तरी चालेल. मय्यतीबरोबर शांतपणेच चालावं असं आमच्यातल्याही बऱ्याच उलेमांचं (धर्मपंडितांचं) मत आहे.

जुनी नाणी (पुणे):

मास्तर, सुंदर लिहिलंत. माझ्या छंदातली एक भर. शाहजहानच्या रुपयांवर मधोमध कलमा आणि कडेनं चार खलिफांची नावं असायची. औरंगजेबानं नाण्यांवरचा कलमा बंद केला, कारण नाणं कुणाच्याही हाती जातं, पायदळी येतं.

डोंगरीकर:

आम्ही शिया 'अलीयुन वलीयुल्लाह' (अली हे अल्लाहचे वली, त्याच्या निकटचे) हेही जोडतो. पण आमचेही बहुतेक मुजतहिद (मोठे धर्मशास्त्री) सांगतात की मुसलमान होण्यासाठी पहिल्या दोन साक्षी पुरेशा आहेत.

कृष्णाकाठ:

मास्तर, आईला सगळं वाचून दाखवलं. उसामांची गोष्ट तिनं दोनदा वाचायला लावली. तिचा एक प्रश्न राहिलाय: खरोखर मुसलमान व्हायचं असेल तर साक्षीदार आणि कागद लागतात ना?

खाडीपलीकडचा मास्तर:

अल्लाहपाशी लागत नाहीत. एकटा माणूस बंद खोलीत मनापासून म्हणाला तरी झाला. साक्षीदार माणसांच्या व्यवहारासाठी: निकाह कोण लावणार, कब्रस्तानात जागा मिळेल का, असे प्रश्न पुढे येतात. नव्यानं मुसलमान झालेल्याला हजच्या व्हिसासाठी दाखला दाखवावा लागतो, म्हणून तो मशिदीकडून किंवा संस्थेकडून लिहून घेतात.