चेक इंजिन लाईट, कोड पी०१७१ (सिस्टिम टू लीन, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त). ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

घाटरस्ता:
नमस्कार मंडळी, साताऱ्यात असतो, २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. चेक इंजिन लाईट लागली म्हणून मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर पी०१७१ आला. गॅरेजवाले म्हणतायत ऑक्सिजन सेन्सर गेला, नवीन टाका, पण त्यांनी कोड वाचण्यापलीकडे काहीच तपासलं नाही. ॲव्हरेज पडलंय आणि उभ्या गाडीत पेट्रोलचा वास येतो. सेन्सर महाग आहे, टाकू का सरळ?

पान्हापेटी:
थांबा, इतक्यात नको. पी०१७१ म्हणजे सेन्सर खराब असं नाही हो. सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय, त्याचं ऐकून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत गेला आणि वाढवायची हद्द संपली, एवढंच हा कोड सांगतो. सेन्सरच्या सर्किटचे कोड वेगळे, पी०१३१ वगैरे. लाईव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, आत्ताचं आणि बऱ्याच वेळेचं) बघा, इंजिन पूर्ण तापल्यावर, आधी आयडलला मग २५०० आरपीएमला धरून. दोन्हीची बेरीज साधारण प्लस-मायनस १० च्या आत हवी. आयडलला खूप प्लस आणि रेस केल्यावर उतरली तर कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, आणि उलट चढावर लोड आला की वाढत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर बघायचे. गाडीत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) आहे की एमएपी (इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा) तेही सांगा.

कोकणी_गिअर:
ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल भरता का? ई१० ला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.१ च्या आसपास लागतं, ई२० ला १३.५, त्यामुळे ट्रिम चार-पाच टक्के प्लसला सरकते. पण तेवढ्याने हा कोड येत नाही.

घाटरस्ता:
आयडलला लाँग टर्म +२३, शॉर्ट टर्म +४ च्या आसपास. २५०० ला दोन्ही मिळून +७. पुढचा ऑक्सिजन सेन्सर आयडलला ०.१ व्होल्टवर, म्हणजे लीनवरच पडून असतो. एमएएफ नाही, एमएपी आहे. प्लग काढले तर काळे निघाले.

पान्हापेटी:
काळे प्लग हीच खरी खूण आहे! मिश्रण खरंच लीन असतं तर प्लग पांढरट निघाले असते. म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्तच मिळतंय आणि सेन्सर मात्र लीन म्हणतोय, त्यात वासाचा आणि ॲव्हरेजचाही उलगडा होतो. शिवाय एमएपीच्या गाडीत इनटेकला हवा लीक असली तरी मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं आणि ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल देतो, म्हणून ट्रिम एवढी चढत नाही, आयडल वाढतं. आता दोनच संशयित उरले, सेन्सर किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला लीक. आयडलला तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. गाडी आयडलला ठेवून एअर फिल्टरच्या पाईपमध्ये कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या. सेन्सर पटकन ०.८ व्होल्टच्या वर (म्हणजे पेट्रोल जास्त) गेला तर तो ठणठणीत आहे. क्लीनर पेट घेतो, गरम मॅनिफोल्डवर चुकूनही उडवू नका, मोकळ्यावर करा, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा.

कोकणी_गिअर:
आणि सकाळी गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करून बॉनेटजवळ कान द्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गेली असेल तर टिक टिक आवाज येतो, धातू तापून फुगला की बऱ्याचदा बंद होतो, म्हणून गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत कोणाला ऐकूच येत नाही.

घाटरस्ता:
फवारा दिला, सेन्सर लगेच ०.८५ ला गेला आणि परत खाली आला. थंड स्टार्टला टिक टिक पण आहे, आणि हीट शील्ड काढल्यावर मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी दिसतेय. सेन्सर राहू देतो, गॅस्केट बदलायला टाकतो. खूप आभार दोघांचे 🙏

पान्हापेटी:
मस्त. गॅस्केटबरोबर नट-स्टड पण बघून घ्या, गंजलेले असतील तर नवीनच टाका, आणि मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकलाय का ते पट्टी लावून तपासायला सांगा, नाहीतर नवीन गॅस्केट पण उडेल. मग कोड आणि ट्रिम क्लिअर करून गाडी नीट फिरवा. जास्तीच्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) त्रास होतो, त्यामुळे त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफही बघा. तो बऱ्यापैकी स्थिर, ०.६-०.७ च्या आसपास राहायला हवा. पुढच्यासारखा सारखा वर-खाली उड्या मारत असेल तर इथे परत लिहा.